दोन विहिणी, आठ तारा

४ जानेवारी

विहीणबाईंस,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्हाला धक्का बसला असेल, म्हणून आधी खुलासा करते. आठ वर्षांपूर्वी, आपल्या मुलांच्या लग्नात, भर मांडवात मी म्हटलं होतं की यापुढे तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. ते मी मोडलेलं नाही. लिहिणार नाही असं मी म्हटलं नव्हतं. फोन बोलण्यातच मोडतो, आणि मोबाइलवर लिहावं तर मुलं डोकावतात. म्हणून हे पाकीट.

काल माझ्या दुकानात पार्सल आलं. कापडाचे नमुने असतील म्हणून उघडलं, तर आत बाहुलीला शोभेल एवढी गिटार. तिला युकुलेले म्हणतात. असंच एक खोकं तुमच्याकडेही गेलंय असं माझी लेक सांगते. सोबत आपल्या नातीची, खारूची, चिठ्ठी होती, तशीच तुम्हालाही असेल. गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात ती स्टेजवर गेली आणि एकही तार न छेडता पडद्यामागे पळाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा म्हणते, वाजवीन, पण एका बाजूला ही आजी आणि दुसऱ्या बाजूला ती आजी वाजवायला बसली तरच. तारीख २८ फेब्रुवारी.

आणखी एक ऐका. खारूला शंका आहे की तिच्या दोन्ही आज्या एकच आहेत, नुसता चष्मा बदलून येतात. कारण सहा वर्षांत तिनं आपल्याला एका खोलीत पाहिलेलं नाही. तुमची सकाळची गाडी सुटल्यावरच माझी दुपारची निघते. मला हसू आलं, आणि मग काही हसू आलं नाही.

मी जायचं ठरवलंय. तुमचं तुम्ही बघा.

मुलीची आई

*

१० जानेवारी

विहीणबाई,

पत्र मिळालं. मीही त्या दिवशी बोलणार नाही एवढंच म्हटलं होतं, त्यामुळे लिहिण्याला माझी हरकत नाही.

मी येईन. अटी अशा. स्टेजवर आणि घरात आपण बोलायचं नाही. काही सांगायचं असल्यास सुनेमार्फत सांगावं. कोटाच्या बाहीचा विषय काढू नये. गाणं हे बोलण्यात मोडतं की नाही ते आधी ठरवावं, आयत्या वेळी घोळ नको.

माझ्या खोक्यात वाद्य आहे आणि तारा जुळवण्याचा एक चिमटा आहे. चिमटा वाद्याच्या डोक्याला लावायचा, सूर बरोबर लागला की हिरवा दिवा लागतो. पुस्तिका नाही. मुलाला विचारलं, तर दोन खोक्यांत मिळून एकच पुस्तिका होती आणि ती तुमच्याकडे गेली आहे. त्यातला लागणारा भाग उतरवून पाठवावा.

एकतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले, पण वाद्याला कधी हात लावलेला नाही. तरीही नीट लिहिलेली सूचना मला पाळता येते.

मुलाची आई

*

१५ जानेवारी

विहीणबाई,

गाणं बोलण्यात मोडत नाही. गाण्यात शब्द आपले नसतात, त्यामुळे शपथही मोडत नाही आणि नाकही खाली होत नाही.

पुस्तिका परक्या भाषेत आहे, पण चित्रं आहेत आणि चित्रं वाचायला मला शाळा लागत नाही. सोबत बटरपेपर जोडला आहे, ज्यावर मी ब्लाउजचे आणि कोटांचे नमुने काढते तोच. चार उभ्या रेघा म्हणजे चार तारा. लाल, पिवळी, हिरवी, निळी, रंगीत पेन्सिलींनी काढल्यात. तुमच्या तारांना त्याच क्रमानं त्या-त्या रंगाचा दोरा बांधा. दोरेही पाकिटात घातलेत, हो, नाहीतर म्हणाल की अर्धवट पाठवलं. जिथे बटण काढलंय तिथे बोट दाबायचं. पहिल्या चित्रात एक बटण, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. या तीन चित्रांत अख्खं गाणं बसतं.

गाणं खारूच्या बाईंनीच रचलेलं आहे:

बेडूकदादा, बूट कुठं?
एक इथं, एक तिथं.
बेडूकदादा, जायचं कुठं?
बूट मिळाले की सांगतो.

पहिली ओळ खारू एकटी म्हणणार, उत्तर आपण सगळ्यांनी द्यायचं. सोपं आहे. माझी बोटं सुईनं घट्टे पडलेली, त्यांना तार लागत नाही. आठवड्यात गाणं बसलं. माझ्याकडे काजं करायला येणारे काका ऐकायला कमी येत असूनही मान डोलावतात. तुमचं कसं चाललंय ते कळवा. म्हणजे, चालत असलं तर.

मुलीची आई

*

२७ जानेवारी

विहीणबाई,

चालत नाही.

तारा चिमट्यानं जुळवल्या आहेत, चारही वेळा हिरवा दिवा. दोरे बांधले आहेत. बोटं तुमच्या बटणांवर अचूक आहेत, भिंग लावून तपासली. तरीही जो आवाज निघतो त्याला गाणं म्हणणं धाडसाचं आहे. माझ्या खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. पाच दिवस त्यांनी सोसलं. काल वर आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले की तुमच्या घरात कुणाला काही होत असेल तर मी येऊन पाहू का. त्यांचे दोन पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या उठून गेले.

वाद्य बिघडलेलं असेल म्हणून दुकानात नेलं. दुकानदारानं वाजवलं, गोड वाजलं. म्हणजे वाद्य ठीक, तारा ठीक, बोटं ठीक. राहिला तुमचा कागद.

मला कुणावर आरोप करायचा नाही. पण स्टेजवर एक आजी सुरेल आणि दुसरी भेसूर निघाली तर ते कुणाला आवडेल, असा प्रश्न मनात आला. तो लिहून ठेवते.

मुलाची आई

*

१ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. मी भांडखोर असेन, तोंडाळ असेन, पण नातीच्या ताटात माती कालवणारी नाही. तो कागद मी तीन वेळा काढला. पहिल्या दोनांत रेघा जरा वाकड्या आल्या म्हणून फाडले. इतकं मी स्वतःच्या लेकीच्या नमुन्यालाही केलं नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बोटं बसत नाहीत तर तसं म्हणा. तुमचं हे जुनंच आहे. तेव्हाही कोट मी शिवला, जावयाच्या बाह्या लहान-मोठ्या निघाल्या, आणि तुम्ही शंभर माणसांत म्हणालात, “या बाईंना डावं-उजवं कळत नाही.” चौतीस वर्षांच्या धंद्यात माझी एक बाही चुकली नव्हती. दुसऱ्याच्या मोजपट्टीवर माझा विश्वास नाही म्हणून मी तुमच्याकडे कोटाच्या चित्राचा कागद पाठवून त्यावर दोन्ही हातांच्या मापाचे दोरे टाचून मागवले होते. तुम्ही पाठवलेल्या दोऱ्यांबरहुकूम कापलं. दोरा तुमचा, आणि नाव माझं खराब. त्यानंतर वर्षभर गिऱ्हाईकं कोट घालून बघताना आधी दोन्ही हात पुढे करून बघायची.

विषय काढू नका म्हणाला होतात. निघाला.

मुलीची आई

*

७ फेब्रुवारी

विहीणबाई,

निघालाच आहे तर पुरा करते, म्हणजे पुन्हा निघायला नको.

मुलगा नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडला. कोपर मोडलं. त्या दिवशी एक्स-रेच्या खोलीत माझीच पाळी होती. आई म्हणून बाहेर बसायला सांगत होते, मी बसले नाही. त्याचा हात हलला तर चित्र हलतं, म्हणून हलू दिला नाही. हाड जुळलं, पण डावा हात दोन बोटं आखूड राहिला. शाळेत त्याला त्यावरून काय काय म्हणत ते मी लिहीत नाही. तो नेहमी डावा हात खिशात ठेवून उभा राहायला शिकला.

लग्नात पहिल्यांदाच त्यानं तो हात बाहेर काढला, कारण सासूबाई मापाचा कोट शिवणार होत्या. आणि कोट आला तो असा, की आखूड हात बाहीत पार गडप आणि चांगल्या हाताचं मनगट दोन बोटं बाहेर. फोटो काढताना लोक हसले. त्यानं हात पुन्हा खिशात घातला. मला वाटलं तुम्ही बेफिकिरी केलीत. म्हणून मी ते बोलले. शंभर माणसांत बोलायला नको होतं, हे मला त्या संध्याकाळीच कळलं होतं.

दोरे मी स्वतः लावले होते, त्यात चूक असणं शक्य नाही. आताच्या कागदाचंही तसंच. मी तो नेहमीच्या पद्धतीनं वापरला. एक्स-रेची फिल्म उजेडावर धरतो तसा खिडकीच्या काचेला चिकटवला, पेन्सिलीची बाजू काचेकडे, कारण रंग बोटांना लागतो. पाठीमागून सगळं स्वच्छ दिसतं. वाद्य समोर उभं धरून ताडून पाहिलं. यापेक्षा काळजीपूर्वक काम करता येत नाही.

मी येत नाही. खारूला सांगेन की पाय मुरगळला. वाद्य तुमच्या पत्त्यावर पाठवते, तुमच्या काजेवाल्या काकांना द्या.

मुलाची आई

*

१२ फेब्रुवारी, तातडीचं

विहीणबाई,

वाद्य पाठवू नका. पाठवलं असेल तर मी ते घेणार नाही, परत पाठवीन, मग पाठवत बसू दोघी.

तुमचं पत्र मी शिलाई मशीनवर बसून वाचलं. मुलाच्या हाताचं वाचून डोळ्यांना पाणी आलं ते आलंच. लेकीनं मला एवढंच सांगितलं होतं की हात जरा लहानमोठे आहेत, माप नीट घे. बाकीचं कुणी कधी बोललं नाही. मी समजत होते की तुम्हाला माझं काम हिणवायचं होतं. आठ वर्षं मी या समजुतीवर काढली.

मग ‘पेन्सिलीची बाजू काचेकडे’ हे वाचलं आणि मशीनवरून उठले. विहीणबाई, बटरपेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो. काचेकडे पेन्सिल म्हणजे तुम्ही चित्र पाठीमागून पाहिलंत. माझी लाल रेघ डावीकडे, ती तुम्हाला उजवीकडे दिसली. सगळी बटणं उलट्या तारांवर गेली. तुमची बोटं बरोबर होती. दातांच्या डॉक्टरांनी जे ऐकलं ते माझंच गाणं, फक्त अस्तराच्या बाजूनं.

एवढ्यावर थांबले असते तर मी जिंकले असते. पण मी माळ्यावरची पेटी काढली. कोटाचा तो कागद मी आठ वर्षं फेकला नाही, तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून जपून ठेवला होता. खरं सांगते, जपला पण पुन्हा उघडून पाहिला नाही. काल पाहिला. तुमचे दोन्ही दोरे अजून टाचणीनं लावलेले आहेत, टाचण्या गंजल्यात. दोरे कागदाच्या मागच्या बाजूला आहेत. तेव्हाही तुम्ही तो पाठीमागूनच पाहिला होता. आखूड दोरा तुमच्या बाजूनं अगदी बरोबर डाव्या बाहीवर आहे. मी कागद सुलट केला, दोरे सोडवायलाही नको म्हणून तसेच वरून चाचपून मोजले, आणि तो माझ्या उजव्या बाहीवर आला.

आता माझी चूक. कोटाच्या त्या चित्रावर मी कुठेही ‘डावी’ ‘उजवी’ लिहिलेलं नाही. शिकाऊ मुलींना मी हे पहिल्या दिवशी शिकवते, आणि लिहिलं नाही तर ओरडते. स्वतः मात्र लिहिलं नाही. या वेळच्या कागदावरही लिहिलं नाही. तेव्हा तुम्ही शंभर माणसांत म्हणालात ते अर्धं खरं होतं. मला डावं-उजवं कळतं, पण ते दुसऱ्याला सांगायचं असतं हे कळलं नव्हतं.

पाय मुरगळू देऊ नका. खारूला दोन आज्या हव्यात.

मुलीची आई

ता. क. गाणं आठवड्यात बसलं हे खोटं आहे. तीन बटणांचं चित्र मला अजून जमत नाही. तिथे मी नुसता हात हलवते.

*

१७ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खिडकीवरचा कागद उलटवला. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

इस्पितळात प्रत्येक फिल्मवर डावी-उजवी बाजू सांगणारं शिशाचं अक्षर ठेवल्याशिवाय मी बटण दाबत नसे. एकतीस वर्षांत एकदाही विसरले नाही. खुणेशिवायचा कागद हातात आला तेव्हा मीच विचारायला हवं होतं की बाजू कुठली. दोनदा विचारलं नाही. शिवाय ज्या मुलाच्या हाताचा एक्स-रे मी बिनचूक काढला, त्याच्याच बाहीला मी चुकले. ही चूक माझ्या नावावर लिहावी. अर्धी नाही, निम्म्याहून जास्त.

आता कामाचं. अकरा दिवस उरलेत. माझी बोटं उलट्या पद्धतीला इतकी सरावली आहेत की सुलट कागद लावला तर काहीच येत नाही. बोटं बदलण्यापेक्षा तारा बदलणं सोपं, असा विचार करून मी चारही तारा सोडवल्या आणि उलट क्रमानं लावल्या. चिमटा, हिरवा दिवा. मग तीच उलटी बोटं ठेवून वाजवलं.

गाणं आलं. पूर्ण. मी ते पुन्हा वाजवलं. थोड्या वेळानं दवाखान्यातून डॉक्टर वर आले आणि त्यांनी विचारलं की पेशंट बरा झाला का. झाला म्हटलं.

तीन बटणांचं मला जमतं. तिथे तुम्ही हात हलवा, मी वाजवते.

मी येते. सकाळच्या गाडीनं. तुम्हीही त्याच गाडीनं आलात तर स्टेशनवर एकच रिक्षा पुरेल. बोलायची गरज नाही.

मुलाची आई

*

५ मार्च

विहीणबाई,

तुम्ही तिथे होतात, तरीही हे लिहितेय. कारण तुम्ही याचा अहवाल लिहाल तर तीन ओळींत आटपाल, आणि खारू मोठी झाली की तिला वाचायला नीट काहीतरी हवं.

स्टेजवर तीन खुर्च्या होत्या. मधली छोटी. खारूनं बसल्यावर आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, “दोन आहेत.” लोक हसले. तिला ते हसणं लागलं. तिचा हात तारांवरच थबकला, ओठ आत गेले. मी ओळखलं, ही आता उठणार. पडद्याकडे तिनं पाहिलंसुद्धा. मागच्या रांगेत माझी लेक खुर्चीवरून अर्धी उठली होती.

पहिली ओळ खारूची होती. मी तीच तुमच्याकडे बघून म्हटली. बेडूकदादा, बूट कुठं? आठ वर्षांत मी तुम्हाला विचारलेला पहिला प्रश्न. आणि तुम्ही, चष्मा नाकावर सरकलेला, बोटं सगळ्यांपेक्षा उलट, माझ्याकडे बघून उत्तर दिलंत. एक इथं. आवाज घोगरा होता, सूर पक्का होता. मग मधून बारीक आवाज आला, एक तिथं. खारूनं तार छेडली. पुढे तिनं आपल्या दोघींना मागे टाकलं ते तुम्ही ऐकलंच. तीन बटणं आली तिथे मी हात हलवला. कुणाला कळलं नाही. खारूला कळलं, ती घरी येऊन सगळ्यांना सांगत होती.

चहानंतर जावयांनी कपाटातून तो कोट काढला. आठ वर्षं पिशवीत होता. तो अंगात घालून ते माझ्यासमोर उभे राहिले, दोन्ही हात बाहेर. उजव्या बाहीत आत दोन बोटं कापड दाबलेलं होतं, ते मी उसवून सोडलं. डावी तेवढीच आत घ्यायची होती. मी टाचणी तोंडात धरून बाहीला हात घातला, आणि तुम्ही मागून म्हणालात, “ही डावी.”

मी म्हटलं, “कळतं मला.”

एवढंच. टाचण्या तोंडात होत्या म्हणून, नाहीतर मी जास्त बोलले असते. बाही बेतून झाली तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होतात आणि नळ उगीचच सोडून ठेवला होतात. मी आत आले नाही. रडणाऱ्याला मोकळं सोडावं.

आपली शपथ मोडली. पहिल्यांदा तुम्ही मोडलीत हे नोंदवून ठेवते.

मुलीची आई

*

११ मार्च

विहीणबाई,

शपथ मी मोडली हे मान्य. स्टेजवर मात्र पहिलं तोंड तुम्ही उघडलंत, पण गाणं बोलण्यात मोडत नाही असं लेखी ठरलेलं आहे, त्यामुळे तुम्ही सुटलात.

मुलाचा फोटो आला. नोकरीत बढती मिळाली, त्या समारंभात कोट घातला होता. दोन्ही मनगटं सारखी दिसतात. डावा हात बाहेर आहे आणि त्यात फुलांचा गुच्छ आहे. फोटो मी खिडकीच्या काचेला लावला आहे. सुलट बाजूनं. तपासून.

आता बोलणं सुरू झालं आहे तर फोन करावा, असं सून म्हणते. तुम्ही फोनवर पाऊण तास बोलता असंही तीच सांगते. तेव्हा महिन्यातून एक फोन आणि बाकी पत्रं. खारूनं पुढच्या गाण्याचा कागद तुमच्याकडे पाठवला आहे, चार चित्रांचा. तो तुम्ही उतरवून पाठवा. तीन बटणांच्या चित्राचा सराव करा. पुढच्या वेळी नुसता हात हलवलेला चालणार नाही, तिनं मला तसं बजावलं आहे.

सोबत एक छोटी डबी पाठवते आहे. आत शिशाचं अक्षर आहे. माझी जोडी होती, डाव्यासाठी एक, उजव्यासाठी एक. एकतीस वर्षं प्रत्येक फिल्मवर ठेवली. निवृत्त होताना इस्पितळानं घड्याळ दिलं, ही मी मागून घेतली. डावीकडचं तुम्हाला पाठवते आहे. तुमच्या नमुन्यांच्या पेटीत ठेवा, आणि मला कागद पाठवताना आधी ते त्यावर ठेवून बाजू लिहा. उजवीकडचं माझ्याकडे राहील.

जोडी फुटली असं समजू नका. एक इथं, एक तिथं.

मुलाची आई